चित्रात ‘मग’ कुठे असतो?

पुण्यात बाजीराव रोडच्या हॉर्नमधनं वाट काढत आत वळलं की राजा दिनकर केळकर म्युझियम. दिनकर केळकरांनी १९२० च्या आसपास वस्तू जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं नाव या म्युझियमला आहे. दिवे, अडकित्ते, वाद्यं तर आहेतच, पण आपण आलोय ते इथल्या संग्रहातल्या पैठण शैलीच्या चित्रांसाठी, म्हणजे चित्रकथीची, चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेची चित्रं.

यातला युद्धाचा एखादा कागद जरा जवळून बघा. दोन योद्धे समोरासमोर, चेहरे एका बाजूनं काढलेले, डोळे मात्र एवढाले टपोरे, मागं ना डोंगर ना आभाळ, नुसता कागद. आणि मधे बाणच बाण. सुटलेत, पण पोचले नाहीत. मग काय झालं, कोण पडलं? चित्र सांगत नाही. लिहिणाऱ्याला किती सोपंय, एक ‘मग’ टाकला की वाचणारा पुढच्या प्रसंगात.

चित्रकारांनी यावर वाटा काढल्याच. अजिंठ्याला १७ नंबरच्या लेणीत विश्वंतराची गोष्ट आहे, दान करत सुटलेला राजपुत्र, घोडे दिले, रथ दिला, शेवटी पोटची पोरंसुद्धा देऊन टाकली, तर तिथं तोच राजपुत्र पुन्हापुन्हा काढलाय, आपण बघत पुढं सरकायचं तशी गोष्ट सरकते. चित्रकथीत तर सांगणारा माणूसच बसवला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजात हे अजून चालू आहे, २०२१ मध्ये तिथल्या परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली. चित्रांचे सुटे कागद असतात, त्या गठ्ठ्याला म्हणायचं पोथी. वाचायची नाही, बघायची, तरी पोथीच, हे मला फार आवडतं. एकेक चित्र समोर धरायचं, गात गात सांगायचं, साथीला वीणा आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे प्रसंग संपला की कागद उलटायचा. तो उलटणारा हात, तोच ‘मग’.

पण लिहिण्याचीही एक अडचण आहे बरं का. बाण सुटले, घोडा उधळला, सारथी वाकला, हे मी एकामागून एक सांगितलं, चित्रात ते एकदमच होतं आणि आधी घोडा बघायचा की सारथी, हे तुमचं तुम्ही ठरवता. एवढी मोकळीक वाक्य देत नाही, मला तरी तसंच वाटतं.

आणि या कागदांसमोर उभं राहिलं की एक रुखरुख लागते. चित्र काचेत गेलं की एकच बाजू दिसते. पुढचा प्रसंग तिथंच असतो, त्याच्या पाठीला, भिंतीकडं तोंड करून.