‘सिली’ म्हणजे एकेकाळी भाग्यवान!

नमस्कार! क्रिकेट बघताना ‘सिली पॉइंट’ हे नाव तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, चेंडू अंगावर येईल इतक्या जवळ उभं राहायचं, म्हणून ती जागा ‘सिली’, म्हणजे वेडेपणाची. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये कुणासाठी हा शब्द वापरला असता, तर त्या माणसाने हात जोडले असते!

जुन्या इंग्रजीत याचं रूप होतं ‘येसॅलिय’. अर्थ सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झेलिश’ आजही ‘धन्य’ याच अर्थाने नांदतोय. इंग्रजीतला मात्र घसरत गेला.

कसा घसरला, ते मला आपल्या ‘भोळा’वरून नीट उमगतं. भोळा शंकर म्हणताना आपल्या मनात भक्ती असते. शेजाऱ्याबद्दल ‘भोळा आहे हो बिचारा’ म्हणताना कीव असते. आणि एखाद्याला ‘भोळसट’ म्हटलं की संपलंच.

‘सिली’ याच पायऱ्या उतरला. देवाचा लाडका, म्हणून निष्पाप. निष्पाप, म्हणून कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाला कुणीही लुबाडावं, म्हणून दुबळा, बापुडा. मधल्या काळात उच्चारही ‘सीली’ होता. ‘मूर्ख’ हा अर्थ सोळाव्या शतकात चिकटला. तिकडे ‘नाइस’ उलटा जिना चढला: चौदाव्या शतकात ‘मूर्ख’, अठराव्या शतकात ‘छान’!

हे माहीत नसेल तर जुनं साहित्य वाचताना लेखकावर अन्याय होतो, आणि ते मला फार लागतं. शेक्सपिअरच्या ‘द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात रानातले लुटारू व्हॅलेंटाइनला आपला म्होरक्या व्हायला सांगतात. तो तयार होतो, पण अट घालतो: ‘सिली’ बायकांना आणि गरीब वाटसरूंना त्रास द्यायचा नाही. आजचा अर्थ धरला तर वाटतं, हा बायकांना मूर्ख म्हणतोय! नाही. तो म्हणतोय, ज्यांना स्वतःचा बचाव करता येत नाही अशा बायका. आणि ते लुटारूही लगेच सांगतात, असल्या नीच कामांचा आम्हाला तिटकाराच आहे.