कासवाला पावडर किती? त्याआधी ऊन किती?

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘पाळीव कासवांच्या आहारातील खनिजे : प्रमाण आणि पद्धत’ असा छापला आहे आणि प्रमाणाकडे मी येणारच आहे. परंतु इंग्लंडमध्ये प्राण्यांचा डॉक्टर म्हणून काम करताना मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘कोणती पावडर घालू?’ हा असतो, आणि तो विचारणाऱ्याने बहुधा त्याआधीच्या दोन गोष्टी पाहिलेल्याच नसतात.

गेल्या हिवाळ्यात एक शाळकरी मुलगी आपले वर्षभराचे हर्मन जातीचे कासव घेऊन आली. दुकानदाराने कासवाबरोबर काचेची टाकी, एक दिवा आणि कॅल्शियमच्या पावडरीचा डबा दिला होता. मुलीने काकडी-टोमॅटोच्या फोडींवर ती पावडर न चुकता रोज भुरभुरवली होती. तरीही मी कासवाच्या पोटाकडील कवचावर अंगठा टेकवला तेव्हा ते दबले. खालचा जबडा लवत होता आणि पायांना अंगाचा भार पेलत नव्हता. मुलीच्या निगराणीत कसूर नव्हती. तिला दिलेली माहितीच अपुरी होती, आणि याची मला आजही चीड येते.

तो दिवा ऊब आणि उजेड देत होता, पण उन्हातले अतिनील-बी (UVB) किरण देत नव्हता. टाकी खिडकीत होती खरी, परंतु खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळेच अडवते. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण कातडीवर पडले की शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या बळावर आतडे कॅल्शियम शोषून घेते. ते मिळाले नाही, तर रक्तातील तूट भरून काढण्यासाठी परावटू ग्रंथी हाडांतले कॅल्शियम ओढून घेतात. कासवाचे कवच म्हणजे बरगड्या आणि मणके जोडून झालेले हाडच असल्यामुळे ही झीज थेट कवचात उतरते. डब्यातली पावडर मात्र बव्हंशी विष्ठेतून बाहेर पडते.

दुसरी गोष्ट पानातली. आहारात फॉस्फरसच्या किमान दुप्पट कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम टोमॅटोत कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २४. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणाच्या पानांत तेच अनुक्रमे १८७ आणि ६६. हे डँडेलियन हिरवळीतून उपटून टाकण्यासाठी आपण माळ्याला पैसे देतो आणि टोमॅटो विकत आणतो! आपण हसलात, म्हणजे डँडेलियन बऱ्याच जणांच्या अंगणात आहे. ते राहू द्या, फक्त त्यावर तणनाशक मारू नका. पालकात कॅल्शियम दिसते, पण त्यातील ऑक्झलेट हे द्रव्य ते बांधून ठेवते, म्हणून ते अंगी लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. हे ऐकून पुण्या-मुंबईच्या नातलगांना तारा कासव पाळण्याचा सल्ला कृपया देऊ नका. ते भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. हर्मन कासवाच्याही खरेदी-विक्रीला इथे प्रमाणपत्र लागते. ते मागून घ्या.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा प्रमाण भराभर सांगतो. साधे कॅल्शियम कार्बोनेट पुरेसे आहे. त्यात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिलाला बहुतेक दिवशी चिमूटभर, प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा, आणि अंडी धरलेल्या मादीला त्याहून अधिक. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येणारा पांढरा समुद्रफेस, म्हणजे माकूल या सागरी प्राण्याचे आतले कॅल्शियमयुक्त कवच, आपण पाहिला असेल. तो इथे पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो. त्याचा तुकडा टाकीत ठेवला की कासव हवे तेव्हा कुरतडते. ड३ मिसळलेली पावडर घरात ठेवलेल्या कासवालाच, तीही आठवड्यातून एकदा आणि डॉक्टरांना विचारून द्यावी. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि अति झाले तर मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते. उन्हाळाभर अंगणात हिंडणाऱ्या कासवाला तिची गरज नाही. अतिनील-बीची नळी जळत असली तरी तिचे किरण क्षीण होत जातात, म्हणून ती निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदला. कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे आले, तर पावडर वाढवू नका, आधी आर्द्रता तपासा. व्हिएन्नातील संशोधकांनी आफ्रिकी कासवांच्या पिलांवर केलेल्या अभ्यासात २००३ मध्ये कोरडी हवाच त्याचे मुख्य कारण दिसली होती.

त्या मुलीच्या कासवाचे कवच आता घट्ट झाले आहे, पाठीचा बाक मात्र जाणार नाही. ज्यांच्या घरी दिवा आहे, त्यांनी त्याच्या खोक्यावर अतिनील-बी लिहिले आहे का, हे आज रात्रीच पाहावे.