गाडी मामाची, नंबर कुणाचा?

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजारातला एक बोळ, ताडपत्रीखाली गाडी)

ही मामाची फियाट. ११०० डिलाइट, १९६८ ची. नंबर प्लेट अजून जुन्या सीरिजची, जीजे-०६ च्या आधीची. आजोबा होते तोवर दर रविवारी स्टार्ट तरी व्हायची, ते गेल्यावर मांजरांनी ताबा घेतला. आता मामा रिटायर झालाय आणि त्याच्या डोक्यात आलंय की गाडी उभी करायची, म्हणजे चालती करायची, उभी तर ती आहेच.

खरं म्हणजे हे खूळ २०२३ च्या जानेवारीतलं. लक्ष्मी विलास पॅलेसवर ट्वेंटी वन गन सल्यूटचा तो व्हिंटेज गाड्यांचा मेळावा झाला, मामा बघायला गेला आणि घरी येऊन चहा पण न घेता आधी ताडपत्री काढली.

(दृश्य: मकरपुरा जीआयडीसी, गॅरेज, गाडी जॅकवर)

मिस्त्रीने आधी कार्पेट उचललं, तर खालून जमीन दिसली. मग स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन तो पत्रा वाजवत गेला. पुढे टण, टण, दरवाज्याखाली आला आणि थप. अजून एकदा थप. म्हणाला, काका, हिच्यात पत्रा कमी आणि पुटी जास्त आहे.

आणि मग त्याने ऑफर दिली, ज्याच्यामुळे हा व्हिडिओ बनतोय. म्हणाला, माझ्याकडे पद्मिनीची, म्हणजे हीच फियाट पुढे ज्या नावाने आली तिची, एक बॉडी पडलीये, एकदम मजबूत, फक्त कागद नाहीत तिचे. तुमच्या गाडीत चेसिस नंबर ठोकलेला पत्रा एवढा कापायचा, त्याने हाताने पोस्टकार्डाएवढं माप दाखवलं, आणि तो तिकडे वेल्ड करायचा, वरून पुटी, रंग, झालं. आरसी तुमचीच, नंबर तुमचाच, टेन्शन काय?

हे त्याने कॅमेऱ्यासमोर बोलायला नकार दिला, साहजिक आहे.

मामाने माझ्याकडे बघितलं. आणि खरं सांगू, पहिल्या मिनिटाला मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडी आमचीच, कागद आमचे, चोरी कुठे केली आपण? पण तो नंबर नेमका कशाचा असतो हे शोधायला बसलो आणि मग झोप उडाली.

(दृश्य: जुन्या मोटारीची नुसती चेसिस, वर बॉडी नाही)

आधी एक गोष्ट समजून घ्या. पूर्वीच्या मोठ्या गाड्यांना खाली लोखंडी सांगाडा असायचा, चेसिस, आणि बॉडी वरून बसवायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी रोल्स रॉइस तर पूर्ण गाडी विकायचीच नाही, चेसिस आणि इंजिन द्यायची, बॉडी तुम्ही हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली अशा कोचबिल्डरकडून करून घ्या. राजेरजवाड्यांनी त्याच चेसिसवर दहा वर्षांनी दुसरी बॉडी चढवली तरी कुणाला त्यात खोटं वाटत नव्हतं, कारण नंबर चेसिसवर आणि चेसिस तीच. जीपचं तेच, नंबर फ्रेमवर. फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या सीटखाली फ्लोअरपॅनवर नंबर असतो, वरची बॉडी बोल्ट खोलून अख्खी उचलता येते.

पण फियाट आणि अँबेसेडर मोनोकॉक. वेगळी चेसिस नाहीच, पत्र्याची पेटीच गाडी. म्हणजे बॉडी बदलली की चेसिस बदलली, आणि राहिला काय तर तो पोस्टकार्डाएवढा तुकडा. मामाला मी असं समजावलं की चेसिस नंबर म्हणजे गाडीचा सातबारा, घर पाडून नवीन बांध, कौलं बदल, कोण काय बोलणार नाही, पण तू इथला सातबारा उचलून वाघोडिया रोडच्या भलत्याच जमिनीला चिकटवतोयस. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

(दृश्य: आरटीओबाहेरची गर्दी)

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी जशी बनवली त्याच्याशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, त्यात मालकाने परवानगीबाहेर बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पाच हजार ऐकून मामा म्हणाला भरून टाकू.

अरे पण ते झालं नुसत्या बदलाचं. नंबर कापून दुसऱ्या गाडीला लावणं आणि मग तीच गाडी म्हणून आरटीओसमोर उभी करणं हे वेगळंच खातं आहे, तिथे फसवणूक आणि बनावटगिरी येते, लोक ज्याला अजून चारशेवीस म्हणतात ते, जुलै २०२४ पासून बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम ३१८. आणि ती बिनकागदाची बॉडी कुठून आली? चोरीची असली तर? चोरीच्या गाड्या खपवायची पद्धत अगदी हीच आहे, भंगारातली गाडी कागदांसाठी घ्यायची आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचा. म्हणून तर आता अधिकृत स्क्रॅपिंगमध्ये नंबरचा तुकडा कापून वेगळा ठेवतात. पोलिसांना तुमच्या आजोबांची रविवारची फेरी दिसत नाही, वेल्डिंगची रेघ दिसते.

(दृश्य: पत्र्यावर पंच मारतानाचा क्लोजअप)

आणि ती दिसतेच. पंचने आकडा मारला की नुसता खड्डा पडत नाही, खालचं लोखंड पण दाबलं जातं. वरून ग्राइंडर मारून सपाट केलं तरी तो दाबलेला थर आत राहतो. फॉरेन्सिकवाले घासून गुळगुळीत केलेल्या जागेवर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण लावतात, फ्राय रिएजंट म्हणतात त्याला, दाबलेल्या आणि न दाबलेल्या लोखंडावर ॲसिडचा परिणाम वेगवेगळा होतो आणि पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. आधीच कुणी फार खोल घासलं असेल तर नाही येत, पण इतकं खोल घासलेलं कुणाच्याही डोळ्यात भरतं.

बाहेरच्या देशात हे भांडण जुनं आहे. १९२९ आणि १९३० ला ल मान्सची रेस जिंकलेली बेंटली, ओल्ड नंबर वन. १ कोटी पाउंडांचा सौदा ठरला, मग घेणारा म्हणाला ही ती गाडीच नाही, हिच्यात जुनं राहिलंय किती? १९९० ला लंडनच्या कोर्टाने विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पार्ट बदलत गेले पण एकामागून एक, मधे कुठे तुटलं नाही, त्याच नावाने गाडी चालत आली, म्हणून गाडी तीच. मला हा निकाल फार आवडतो, कारण मामाची फियाट पण तशी वाचू शकते, एक एक पत्रा बदलत. गाडी जशी होती तशी राहते, नंबर जागचा हलत नाही.

इंग्लंडच्या डीव्हीएलएने, म्हणजे तिथल्या गाड्या नोंदवणाऱ्या खात्याने, तर ह्याला मार्क ठेवले होते. चेसिस किंवा मोनोकॉक शेल मूळची असेल, किंवा कंपनीची नवीन असेल, तर ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचे २-२, इंजिनाला फक्त १. एकूण ८ आले तर जुना नंबर तुमचा, नाहीतर क्यू प्लेट, म्हणजे ही गाडी कुठली ते नक्की नाही असं कपाळावर लिहून फिरा. ऑगस्ट २०२५ ला ते नियम बरेच सैल केले. इंजिनाला एकच मार्क हे वाचून मामा दुखावला.

आणि उलटं पण होतं हां. अमेरिकेत कॅन्ससच्या एका माणसाने १९५९ ची कॉर्वेट घेतली, पोलिस तपासणीत निघालं की आधी कधीतरी रिस्टोअर करताना नंबरची प्लेट काढून परत लावलीये. झालं, २०१७ ला गाडी जप्त, आणि कायद्याप्रमाणे ती नष्ट करायची होती. माणूस निर्दोष हे सगळ्यांना मान्य. शेवटी २०२२ ला तिथला कायदा बदलला तेव्हा गाडी परत मिळाली, पाच वर्षांनी. रंगकाम करताना प्लेटला हात लावू नका म्हणतात ते उगाच नाही.

(दृश्य: परत गॅरेज, संध्याकाळ)

आपल्याकडे जुलै २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी शेल, इंजिनात मोठा फेरफार नाही, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नंबरमध्ये व्हीए. रोज भाजी आणायला वापरायची नाही. मामाची गाडी वयात बसते. ती दुसरी बॉडी चढवली असती तर ह्या दरवाज्यातून आत यायचा प्रश्नच नव्हता. पण माझी एक तक्रार आहे, गंजलेला फ्लोअर कापून तसाच नवा पत्रा लावणं ही दुरुस्ती की फेरफार हे नियमात जरा स्पष्ट लिहायला हवं होतं. नुसत्या सरळ माणसाने काय करायचं? आम्ही तरी असं ठरवलंय, कापायच्या आधी फोटो, लावल्यावर फोटो, प्रत्येक बिल फाइलला, आणि आधी आरटीओला विचारायचं.

मिस्त्रीला मामाने सांगितलं, बॉडी नको, आहे तीच कर. तो म्हणाला, काका, दुप्पट खर्च आणि सहा महिने. मामा म्हणाला, वीस वर्षं उभीच होती की.

मग नंबरचा छाप घ्यायचा होता. बॉनेट उघडलं, मिस्त्रीने मागच्या पत्र्यावरची धूळ फडक्याने पुसली, पातळ कागद धरला आणि आडवी पेन्सिल फिरवायला लागला. एक एक आकडा पांढरा उमटत गेला. शेवटून दुसऱ्यावर येऊन थांबला, तिथे गंज होता. तीन म्हणा किंवा आठ. आरसीवर आठ आहे. त्याने खिशातून सँडपेपर काढला.

मामा जवळजवळ ओरडलाच, घासू नको रे! थोडं ऑइल लाव, आणि राहू दे तसंच.