पडद्यावरचा प्रोटोटाइप

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर गाडी दाखवता येत नाही, हे आजच्या विषयाच्या दृष्टीनं बरंच झालं. शर्यतीच्या व्हिडिओ गेममधली गाडी दिसते कशी, यावर आता बोलण्यासारखं फार उरलेलं नाही. दारावरचे स्टिकर, स्टिअरिंगवरची बटणं, दिव्यांची काच, सगळं हुबेहूब असतं. सर्किटसुद्धा लेझरनं मोजून बनवलेली असतात, रस्त्यावरचे उंचवटे जिथल्या तिथे. मला बोलायचंय ते त्या गाडीच्या वागण्याबद्दल. आणि तेही प्रोटोटाइप गाड्यांच्या वागण्याबद्दल.

प्रोटोटाइप म्हणजे शोरूममध्ये कधीच न मिळणारी, केवळ शर्यतीसाठी घडवलेली गाडी. तिचं मोठं मैदान म्हणजे फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची शर्यत. एक फेरी 13.626 किलोमीटरची, त्यातला बराचसा रस्ता एरवी साध्या रहदारीचा. 1988 साली तिथल्या लांबलचक सरळ रस्त्यावर एका फ्रेंच गाडीनं ताशी 405 किलोमीटरचा वेग गाठला. 1990 पासून त्या रस्त्यात दोन वळणं घालून वेगाला वेसण घातली गेली. ‘ग्रॅन टुरिस्मो’सारख्या गेममध्ये मात्र वळणं नसलेला जुना रस्ताही निवडता येतो. गेमचा हा मोठा फायदा. जे प्रत्यक्षात मोडून टाकलं, ते तिथे शाबूत राहतं.

सुरुवात आवाजापासून करू, कारण तो आपल्या माध्यमाला जवळचा. 1991 साली ले मान्स जिंकलेली माझदा 787बी, नारिंगी-हिरवी, 55 नंबरची. तिच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नव्हते, गोल फिरणारे चार रोटर होते. 2.6 लिटरचं इंजिन आणि ताकद सुमारे 700 अश्वशक्तीची. ती किंचाळते. हे किंचाळणं बहुतेक गेमनी चांगलं पकडलंय. पण ते बहुधा बाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या कानातलं असतं. आत बसलेल्या ड्रायव्हरला इंजिनाइतकाच गिअरबॉक्स ऐकू येतो, तळावर ताडताड आपटणारे खडे ऐकू येतात. आजच्या हायब्रिड गाड्यांपैकी काही तर पिटमधून, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेतून, विजेवर मुकाट निघतात आणि जरा पुढे गेल्यावर त्यांचं इंजिन खडबडून जागं होतं. चांगल्या गेममध्ये हे सगळं मिळतं. कसर असलीच तर आवाज कमी करायच्या बटणाची, ते खऱ्या गाडीत नसतं.

आता खरी गोम. ही 787बी ‘ग्रॅन टुरिस्मो’त 2016 च्या पोर्शे 919 हायब्रिडबरोबर एकाच गटात धावते. मध्ये 25 वर्षांचं अंतर! दोघींची शर्यत रंगावी म्हणून त्यांची ताकद आणि वजन जुळवून घेतलं जातं. मजा येते, नाही असं नाही. पण 1991 साली माझदा का जिंकली, हे त्यातून कळणार नाही. तिला 830 किलो वजनाची मुभा होती, तर जॅग्वार आणि मर्सिडीजला 1000 किलोंचं ओझं होतं. 170 किलो कमी म्हणजे टायर, ब्रेक, इंधन, सगळ्यांवरचा भार कमी. त्या गाडीची गोष्ट निम्मी या वजनाची आहे, आणि गेमनं नेमकं तेच बदललं.

माझं म्हणणं असं, की प्रोटोटाइप गाडीत नियमपुस्तक हा इंजिनाइतकाच महत्त्वाचा भाग असतो. पोर्शे 919 घ्या. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन मागच्या चाकांना, विजेची मोटर पुढच्या चाकांना. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते, धुराड्यातल्या वायूवरही एक टर्बाइन वीज बनवतं. ले मान्सच्या एका फेरीत यातली 8 मेगाज्यूल वीज वापरायची परवानगी होती. घरच्या मीटरच्या भाषेत सव्वादोन युनिट. जेमतेम सव्वातीन मिनिटांच्या फेरीत ती कुठे उधळायची आणि कुठे राखायची, हे ठरलेलं असतं. पेट्रोलचंही फेरीगणिक रेशन. म्हणून ड्रायव्हर वळणाच्या बराच आधी पाय उचलतो आणि गाडी नुसती वाहू देतो. सोप्या गेममध्ये यातलं काही नसतं. तिथे बॅटरी म्हणजे फुकटची जादा ताकद. ‘असेटो कोर्सा’ किंवा ‘आयरेसिंग’मध्ये मात्र या विजेचा हिशेब ठेवावा लागतो.

नियम काढले तर काय होतं, ते पोर्शेनं स्वतःच दाखवलं. 919 शर्यतीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिची बंधनं सोडलेली ‘इव्हो’ आवृत्ती काढली. तेच इंजिन 500 वरून 720 अश्वशक्तीवर गेलं. 29 जून 2018 रोजी टिमो बर्नहार्डनं जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या डोंगराळ सर्किटवर 5 मिनिटं 19.546 सेकंदांची फेरी मारली. स्टेफान बेलोफचा 1983 सालचा विक्रम 6 मिनिटं 11 सेकंदांचा होता. तेव्हा इंधनाचं बंधन न पाळणारा गेम नकळत ‘इव्हो’च बनवतो आणि वर नाव शर्यतीच्या गाडीचं लावतो.

टायरच्या बाबतीत मात्र अलीकडे गेमनी कमाल केली आहे. ले मान्स ज्या जागतिक मालिकेत मोडते, तिच्या 2023 च्या मोसमात टायर आधी तापवून ठेवायला बंदी आली. एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर याचा प्रसाद मिळाला. टोयोटाच्या ब्रेंडन हार्टलीची गाडी पात्रता फेरीत ठोकली गेली, आणि शर्यतीत आंतोनियो फुओकोची फेरारी पिटमधून निघाल्याबरोबर थंड टायरवर घसरून भिंतीला भिडली. अखेर ले मान्सपुरती टायर तापवायची मुभा परत द्यावी लागली. त्या मोसमाचा अधिकृत गेम ‘ले मान्स अल्टिमेट’ फेब्रुवारी 2024 मध्ये आला. त्यात थंड टायर लावून पिटमधून निघा आणि तिसऱ्या गिअरमध्ये पेडल जरा घाईनं दाबा. मागचा भाग कधी पुढे आला ते कळतही नाही. स्टिअरिंग हलकं पडतं, हात उलटे फिरतात, पण उशीर झालेला असतो. फुओकोच्या त्या फेरारीची, म्हणजे 499पी या हायब्रिड प्रोटोटाइपची, पुढची मोटर ताशी 190 किलोमीटरच्या वरच चालते, त्यामुळे कमी वेगात पुढची चाकं मदतीला येत नाहीत. हे नियमातलं कलम इथे थेट हाताला जाणवतं.

हवेचं गणित अजून अवघड आहे. 1999 साली ले मान्सला मर्सिडीज सीएलआर गाड्या नाक वर होऊन चक्क उडाल्या. मार्क वेबरची दोनदा, शर्यतीआधीच. मग खुद्द शर्यतीत पीटर डमब्रेकची, कुंपणापलीकडे झाडांत जाऊन पडली. तो वाचला. त्या काळातल्या ‘ग्रॅन टुरिस्मो’त गाडी उलटतच नसे, भिंतीवर आपटली तरी पोचा येत नसे. यात गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचीही सोय असावी, असा माझा संशय आहे. आपली गाडी हवेत कोलांट्या घेताना कोणाला पाहायची असते?

उरला बिघाड. 2016 साली ले मान्सला टोयोटाची गाडी आघाडीवर असताना, शर्यत संपायला जेमतेम तीन मिनिटं बाकी असताना, काझुकी नाकाजिमाच्या हाताखालची ताकदच गेली. गाडी अंतिम रेषेसमोर उभी राहिली आणि पोर्शे जिंकली. असा यांत्रिक बिघाड गेममध्ये ठेवता येतो, पण बहुतेक जण तो पर्याय बंदच करतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. गंमत अशी, की जानेवारी 2023 मध्ये ले मान्सच्या ऑनलाइन 24 तासांच्या शर्यतीत मॅक्स वेर्स्टाप्पेन पुढे असताना त्याचा सर्व्हरशी संपर्कच तुटला. फॉर्म्युला वनचा जगज्जेता इतका भडकला, की पुन्हा या शर्यतीत उतरणार नाही म्हणाला. गाडीनं दगा दिला नाही, तर तारेनं दिला.

मग गेम घ्यायचा तर कोणता? भटकंतीसाठी, जुन्या गाड्या डोळे भरून पाहायच्या असतील तर ‘ग्रॅन टुरिस्मो’. आजची प्रोटोटाइप कशी चालते ते समजून घ्यायचं असेल तर ‘ले मान्स अल्टिमेट’, आणि त्यासाठी स्टिअरिंग-पेडलचा संच हवाच, साध्या कंट्रोलरवर त्यातलं निम्मंही कळत नाही. पहिल्याच दिवशी ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे जोर दिल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा, पूर्ण बंद करू नका. खऱ्या गाडीतही तो असतो, आणि ड्रायव्हर तो फेरीत अनेकदा कमी-जास्त करत असतो. आधी फक्त थंड टायरवर पिटमधून नीट बाहेर पडायला शिका.

नमस्कार.