दोन सदरे घातलेला राजा

नमस्कार श्रोतेहो.

इतिहासात ज्यांना देहदंड झाला त्यांची नावं घ्यायला बसलो, तर सॉक्रेटिसच्या विषाच्या पेल्यापासून सुरुवात करावी लागेल आणि आपली वेळ अथेन्समध्येच संपेल. म्हणून आज एकाच माणसाबद्दल बोलतो. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये भर दुपारी, भर चौकात त्याचं डोकं उडवण्यात आलं.

आधीच सांगून टाकतो, हा काही थोर राजा नव्हता. हट्टी, कानाचा हलका आणि दिलेल्या शब्दाला न जागणारा. राज्य देवानं दिलंय, जाब द्यायचा तर देवालाच, ही त्याची पक्की समजूत. १६२९ पासून अकरा वर्षं त्यानं पार्लमेंट बोलावलंच नाही. पैसा कमी पडला तेव्हा बंदरांकडून घ्यायची जहाजपट्टी त्यानं आतल्या मुलखावरही लादली. ज्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता ते जहाजांसाठी पैसे भरू लागले! १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. राजा हरला, कैदेत पडला आणि कैदेत बसून त्यानं स्कॉटलंडवाल्यांशी गुपचूप करार करून दुसरी लढाई ओढवून आणली. तिथं मात्र पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल, त्याच्या सैन्याचा संयम संपला.

पण राजावर खटला चालवायचा कसा? राजद्रोह म्हणजे राजाविरुद्ध केलेला गुन्हा. तो खुद्द राजानंच केला, असं कोणत्या कलमाखाली म्हणणार? शिवाय पार्लमेंटमधल्या बहुतेकांना राजाशी तडजोडच हवी होती. त्यावर सैन्यानं साधा उपाय काढला. डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइड शिपाई घेऊन सभागृहाच्या दारात उभा राहिला आणि नको त्या सभासदांना त्यानं आत जाऊच दिलं नाही. उरलेल्यांनी खास न्यायालय नेमलं. १३५ जणांची नावं जाहीर झाली, पहिल्या दिवशी आले जेमतेम निम्मे. अध्यक्ष ब्रॅडशॉ तर टोपीला आतून पोलादी पत्रा बसवून आला होता. ही टोपी आजही ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे.

त्या पहिल्या दिवसाचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. सरकारी वकील जॉन कुक आरोपपत्र वाचायला उभा राहिला. राजानं ‘थांब’ म्हणत हातातल्या काठीनं त्याच्या खांद्याला डिवचलं. तेवढ्यात काठीची चांदीची मूठ निखळून खाली पडली. आयुष्यभर या माणसाच्या हातून काही पडलं की उचलायला चार जण धावायचे. आज एकही हलला नाही. राजा जरा थांबला, मग स्वतःच वाकला.

चार्ल्सला लहानपणापासून बोलताना अडखळायची सवय. न्यायालयात मात्र तो अडखळला नाही. त्याचा एकच प्रश्न होता: कोणत्या कायदेशीर अधिकारानं मला इथं आणलंत? गुन्हा कबूल आहे की नाही, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण अधिकार होता तो तलवारीचा. २७ जानेवारीला शिक्षा झाली आणि मृत्यूच्या हुकुमावर ५९ जणांनी सह्या केल्या.

देहदंडाच्या आदल्या दिवशी दोन मुलांना भेटायला आणलं. तेरा वर्षांची एलिझाबेथ आणि आठ वर्षांचा हेन्री. चिमुकल्या हेन्रीला मांडीवर घेऊन बाप सांगतोय, हे लोक तुला राजा करतील, पण तुझे थोरले भाऊ जिवंत असेपर्यंत होऊ नकोस. पोर म्हणालं, त्याआधी माझे तुकडे झाले तरी चालतील.

मग तीस तारखेची पहाट. थंडी कडाक्याची. राजानं थॉमस हर्बर्ट या सेवकाकडून एकावर एक दोन सदरे मागून घेतले. थंडीनं अंग कापलं तर लोकांना वाटेल मी भीतीनं कापतोय, तो ठपका मला नको, असं त्यानं सांगितलं. या माणसाला आयुष्यभर प्रजेचं मन कळलं नाही, त्या दिवशी मात्र ते नेमकं कळलं.

सकाळी दहाच्या सुमाराला त्याला पायी व्हाइटहॉल राजवाड्यात आणलं, पण शिक्षा झाली दुपारी दोनला. उशिराचं एक कारण असं सांगतात की राजा गेला की मुलगा आपोआप राजा होतो, तशी द्वाही कुणी फिरवू नये असा कायदा करायचा राहूनच गेला होता! तो त्याच दिवशी घाईनं केला. तोवर बिशप जक्सननं आग्रह केला म्हणून राजानं थोडा पाव आणि पेलाभर मद्य घेतलं. नंतर त्याला तिथल्या बँक्वेटिंग हाऊस या मेजवानीच्या दालनातून बाहेर नेलं. तिथल्या छतावर रूबेन्सची चित्रं आहेत, चार्ल्सचा बाप स्वर्गाला चाललाय अशी. ती काढून घेतली होती चार्ल्सनंच.

बाहेर काळ्या कापडानं मढवलेला मंच. राजानं झटापट केली तर बांधून घालायला फळ्यांत लोखंडी कड्या ठोकलेल्या. ओंडका इतका बुटका की जवळजवळ पालथं पडावं लागे. जल्लाद आणि त्याचा मदतनीस, दोघांच्याही तोंडावर मुखवटे. जल्लाद कोण, हे आजही खात्रीनं सांगता येत नाही.

सैनिकांच्या रांगा मध्ये असल्यानं गर्दीला राजाचं भाषण ऐकू गेलं नाही, जवळच्यांनी ते टिपून घेतलं. प्रजा आणि राजा या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, राज्यकारभारात वाटा मागणं हे प्रजेचं काम नव्हे, असं तो तिथंही म्हणाला. मला हे पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही. पण आणखी एक वाक्य तो बोलला. आपण एक अन्यायाची शिक्षा होऊ दिली, तिचं फळ आज भोगतोय. रोख होता स्ट्रॅफर्डकडे, त्याच्याच इमानी मंत्र्याकडे. १६४१ मध्ये पार्लमेंटच्या दबावापुढे वाकून चार्ल्सनं त्याच्या मृत्यूवर सही केली होती.

केस टोपीत खोचले. बिशपला म्हणाला, ‘लक्षात ठेवा.’ काय लक्षात ठेवायचं, यावर तर्क अजून चालू आहेत. हात पसरले आणि एकाच घावात काम झालं. फिलिप हेन्री नावाचा तरुण विद्यार्थी गर्दीत होता. लोकांच्या तोंडून असा हुंकार निघाला की तसा पुन्हा कधी ऐकू येऊ नये, असं त्यानं लिहून ठेवलंय. मग घोडेस्वारांनी रस्ता मोकळा केला, तरी लोक रक्तात रुमाल बुडवून घेत होतेच.

जिवंत चार्ल्सला पार्लमेंटनं दोनदा हरवलं, मेलेल्याशी त्यांचा निभाव लागेना. त्याच्या नावावरचं पुस्तक लगेच बाजारात आलं आणि वर्षभरात त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. १६६० मध्ये मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला. लग्नात पोर्तुगालकडून मुंबई आंदण मिळाली ती यालाच, आणि वर्षाला दहा पौंडांवर ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली तीही यानंच. वकील कुकला त्यानं हालहाल करून मारवलं. क्रॉमवेल १६५८ मध्येच मेला होता, तरी सुटला नाही. ३० जानेवारी १६६१ ला, नेमकी तीच तारीख धरून, त्याचं प्रेत उकरून फासावर टांगलं आणि मुंडकं वेस्टमिन्स्टर हॉलवर खांबाला खोचलं. पुढे ते या हातातून त्या हातात फिरत राहिलं आणि १९६० मध्ये केंब्रिजच्या एका कॉलेजात पुरलं गेलं. नेमकी जागा कॉलेजानं जाहीर केलेली नाही.

नमस्कार.