अक्ष चुकता कामा नये

नमस्कार श्रोतेहो. चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ (दंडगोल भिंगाचा नंबर) आणि ‘अ‍ॅक्सिस’ (अक्ष, म्हणजे ते भिंग कोणत्या दिशेने बसवायचे तो कोन) असे दोन रकाने असतात. आज त्या रकान्यांविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी आपण १८२५ सालच्या केंब्रिजला जाऊ.

तेथे जॉर्ज बिडेल एअरी नावाचा चोविशीतला गणिती होता, जो पुढे ब्रिटनचा राजज्योतिर्विद झाला. वाचताना आपण डावा डोळा वापरतच नाही, हे एके दिवशी त्याच्या ध्यानात आले. दूरचा दिवा किंवा तारा त्या डोळ्याला ठिपक्यासारखा न दिसता तिरक्या रेघेसारखा दिसे. मग त्याने कागदावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन काळ्या रेघा काढल्या. कागद एका ठरावीक अंतरावर धरला की एक रेघ ठसठशीत दिसे आणि दुसरी जेमतेम जाणवे. कागद जवळ आणला की ठसठशीत रेघ विरून जाई आणि हरवलेली रेघ उमटे. या एवढ्याशा कागदावरून त्याने ओळखले की आपला डोळा दोन दिशांना प्रकाश वेगवेगळा वाकवतो. त्याने हिशेब मांडला आणि इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून एका बाजूने दंडगोल असलेले भिंग घडवून घेतले. जो डोळा निकामी होईल अशी त्याला धास्ती होती, तो त्या भिंगामुळे दुसऱ्याच्या बरोबरीने काम करू लागला. मला ही हकिगत कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

एअरीच्या डोळ्यासारखा दोष बहुधा पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आकारामुळे येतो. ते वाटीसारखे सर्वत्र सारखे गोल नसून चमच्याच्या पाठीसारखे एका दिशेने अधिक वाकलेले असते. आज दंडगोल भिंग डोळ्याच्या आतच बसवता येते, मग ते मोतीबिंदू काढून असो वा नैसर्गिक भिंग तसेच ठेवून. दुसरा उपाय कापांचा: फेम्टोसेकंद लेसरने (अतिशय क्षणिक स्पंदांच्या लेसरने) पारपटलाच्या कडेजवळ, अधिक वाकलेल्या दिशेवर, कमानीसारखे काप दिले की ती दिशा सैल होऊन सपाट होते. जखम प्रत्येकाची वेगळ्या रीतीने भरते, म्हणून नंबर मोठा असेल तर मुख्य भार भिंगावर ठेवावा आणि उरलेला थोडा कापांवर, असे माझे मत आहे. पारपटल पातळ होऊन पुढे फुगत असेल, तर मात्र हे काप देऊ नयेत.

जाता जाता एक आग्रह: जुन्या चष्म्याच्या चिठ्ठ्या फेकू नका, कारण नंबर स्थिर आहे की बदलतो आहे, हे त्यांवरूनच कळते.

आता अक्ष, पुन्हा सांगतो, अक्ष. डोळ्यात बसवलेले भिंग ठरलेल्या अक्षापासून दहा अंश फिरले तर सुमारे एक तृतीयांश परिणाम जातो. तीस अंश फिरले तर नंबर तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. माणूस आडवा झाला की डोळाही खोबणीत किंचित फिरतो. म्हणून रुग्णाला ताठ बसवून, समोर पाहायला सांगून, पारपटलाच्या कडेला दिशेची खूण म्हणून शाईचे बारीक ठिपके आधी दिले जातात, आणि मगच त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवतात.