सामान बांधून विचारलेला प्रश्न

मंडळी, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 42व्या अध्यायात एक प्रार्थनेची विनंती आहे. ऐकायला अगदी निर्मळ. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेपुढे यरुशलेम पडलं. मागे उरलेल्या लोकांवर बाबेलच्या राजाने गदल्याला नेमलं, तर त्याचाही खून झाला. आता बाबेलची फौज आपल्यावर सूड घेणार, या धास्तीने लोक यिर्मयाकडे आले. आमच्यासाठी देवाला विचारा. बरं असो की वाईट, तो सांगेल तसं आम्ही करू, असं म्हणाले.

याहून चांगलं मागणं कोणतं असेल? पण एक अध्याय मागे जाऊन बघा, ही माणसं उतरली होती कुठे? बेथलेहेमजवळ, मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या वाटेवर. बायकापोरांसकट घर सोडून निघालेली होती. देवाला विचारलं ते वाटेतल्या मुक्कामावरून.

दहा दिवसांनी उत्तर आलं: इथेच राहा, भिऊ नका, मिसरला जाऊ नका. त्यावर पुढारी यिर्मयाला म्हणाले, तू खोटं बोलतोस, तुझ्या त्या लेखनिकाने, बारूखाने, तुला चिथावलंय. आणि गेले मिसरला. यिर्मयालाही सोबत नेलं.

मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी नोकरी सोडावी का, म्हणून मी तीन आठवडे रोज पहाटे गुडघे टेकत होतो. राजीनामा लिहून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला, फक्त तारीख घालायची राहिली होती. एका पहाटे प्रार्थना चालू असतानाच माझा हात त्या कप्प्याच्या चेनकडे गेला, कागद जागेवर आहे ना ते चाचपायला. तेव्हा लक्षात आलं, तीन आठवडे मी देवाकडे नुसती सही मागत होतो.

दुसरा एक हेतू मला जास्त छळतो. ‘देवाने मला सांगितलं’ असं म्हटलं की समोरच्याचं बोलणंच खुंटतं. देवाचं नाव पुढे करून घरातल्या माणसाला गप्प बसवलेलं मी पाहिलंय. देवाची वाणी हवी असते ती कधीकधी यासाठीसुद्धा.

मग मन शुद्ध होईपर्यंत विचारूच नये? असं मी म्हणणार नाही. त्या निघालेल्या लोकांनाही देवाने उत्तर दिलंच, आणि ‘राहिलात तर मी तुम्हाला उभारीन’ हे वचनही दिलं. मधल्या दहा दिवसांत तिथे काय घडलं ते लिहिलेलं नाही. मला सारखं वाटतं, एखाद्याने तरी गाढवावरचं ओझं उतरवून ठेवलं असेल का?

त्या पहाटे मी तो कागद बाहेर काढून समोर ठेवला. म्हटलं, देवा, हे मी आधीच लिहून ठेवलंय. पुढे काय बोलावं ते सुचेना. बराच वेळ तसाच बसून राहिलो.